डावं बटण

त्या दुपारी आम्ही दोघं उंबऱ्यात बसलो होतो. मी सायकलची ट्यूब घासत होतो, बायको हातातल्या सेलवर चालणाऱ्या खेळण्यावर विटांचा गेम खेळत होती. पडद्यावर वरून विटा पडतात, त्या बटणं दाबून बसवायच्या. नातीनं टाकून दिलेला तो गेम हिनं पाच वर्षं बडवला. डाव्या बटणाच्या रबराला तर तिच्या अंगठ्याचा खळगा पडला होता.

"अगं, बटण आहे ते. लसूण ठेचतेस का?"

"तुम्ही पंक्चर काढा. मला शिकवू नका."

तेवढंच बोलणं झालं. संध्याकाळी भाकरी थापताना ती बसल्या जागी गेली.

माझा जन्म सायकली दुरुस्त करण्यात गेला. झिजलेलं पायडल बघून माणूस कुठल्या पायावर जोर देतो ते मी सांगतो. पण घरातलं माणूस झिजत होतं, ते मला दिसलं नाही. कसला मी मेकॅनिक!

सकाळी अंगणात तिरडी बांधत होते. हाताला काम नसतं तर मी ओरडत सुटलो असतो. म्हटलं, तिच्या गेमचं डावं बटण झिजलंय, त्यावर ट्यूबचा तुकडा चिकटवू. सोल्युशन धरावं म्हणून आधी घासायचं, ही हाताची सवय. घासलं, फुंकर मारली, बघतो तर बटण सपाट. तिचा अंगठा उमटलेली घरातली एकच जागा मी माझ्या हातानं पुसली.

"चला दादा, वेळ झाली," कुणीतरी म्हणालं. मी धोतरावर पडलेली रबराची काळी भुकटी बोटानं गोळा करत बसलो.