इनुसमामांचं नितळ पाणी

इनुसमामा चाळीस वर्षं गुळव्या होते. यवत, भांडगाव, पार मांडवगण फराट्यापर्यंतच्या गुऱ्हाळांवर लोक त्यांना बोलावून न्यायचे. काहिलीत, म्हणजे भल्यामोठ्या कढईत, उकळणाऱ्या उसाच्या रसावरची मळी कधी काढायची, गूळ कधी उतरवायचा, हे ते ठरवायचे. चुलवाणाची धग छातीला सोसेना, तेव्हा ते भांडगावच्या कृषी पर्यटन केंद्रात कामाला लागले. तिथे लहान मुलांसाठी गुडघाभर पाण्याचा तलाव आहे. त्याचं पाणी मामांकडे. तिकीट खिडकीवर मी. डबा आम्ही एकत्र खातो.

रोज सकाळी मामा काचेच्या नळीत तलावाचं पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकत. पाणी पिवळं झालं, म्हणजे क्लोरीनची पावडर पुरेशी आहे. नळी उन्हात धरून ते म्हणत, "आला रंग. उतरवा काहील."

गेल्या मार्चात दोन दिवस वारा सुटला. धुरळ्याने पाणी गढूळ झालं. फिल्टर चालवूनही निवळेना. शनिवारी शाळेची सहल यायची होती, पहिली-दुसरीची मुलं. मालक सत्यजीत वैतागला.

"मामा, तलाव हाय का चहाचं पातेलं?"

"थांबा की शेठ. उसाचा रस निवळतो, मग पाणी न्हाई व्हय निवळायचं?"

रस निवळायला गुऱ्हाळात भेंडीची झाडं ठेचून त्यांचा चिकट रस काहिलीत टाकतात. मामांनी तेच केलं. गुरुवारी संध्याकाळी दोन बादल्या गाळून तलावात ओतल्या आणि पंप बंद ठेवला. सकाळी सगळा गाळ तळाला होता. तो त्यांनी पाइपने ओढून काढला. फरशीवर रंगवलेले मासे मोजता येत होते.

सत्यजीतने व्हिडिओ काढला. "हाताला जादू हाय मामा तुमच्या." मामा दिवसभर हसत होते. घरी बायकोला, रजियाचाचींना, दोनदा फोन केला. गुऱ्हाळ सुटल्यापासून मामांच्या हाताचं कुणी कौतुक केलं नव्हतं. त्या गडबडीत शुक्रवारची तपासणी राहिली.

शनिवारी सकाळी नळीतलं पाणी पिवळं झालंच नाही. मामांनी पावडर टाकली, तासभर पंप फिरवला, पुन्हा पाहिलं. रंग नाहीच. पावडर जुनी असेल म्हणून चिमूटभर बादलीतल्या ताज्या पाण्यात टाकली. ते नळीत घेऊन थेंब टाकले, तर लगेच पिवळं झालं. मी दौंडच्या पावडरवाल्याला फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"पाण्यात झाडपाल्याचं काही पडलंय का?" त्याने विचारलं. "पावडर त्यातच खर्ची पडती मग. जंतू मारायला उरत न्हाई."

मामा काठावर बसले. मग उठून सत्यजीतकडे गेले.

"शेठ, तलाव रिकामा करतो."

"येडे झालात का? बस यवतला आली. पाणी आरशागत हाय!"

"आरशागत हाय, पर त्यातलं जंतू न्हाईत मेलेलं. काहिलीत सगळं उकळतं. हितं कोण उकळतंय? पोरं खेळता खेळता पित्यात हे."

"मग तुमचं गुऱ्हाळ माझ्या तलावात घातलं कुणी?"

"मीच की."

"एक दिवस काय होत न्हाई मामा. कुणाला कळायचंय?"

मामांनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला, पाण्यात उतरले आणि तळाचा व्हॉल्व्ह फिरवला. मी थक्क होऊन पाहत राहिलो. आम्हा तिघांशिवाय हे कुणालाच माहीत नव्हतं.

बस आली तेव्हा तलावात टाचभर पाणी होतं. मुलांनी गलका केला. एक मुलगी रडायला लागली. सत्यजीत शाळेच्या बाईंना म्हणाला, "पंप बिघडलाय."

"पंप चांगलाय," मामा तलावातूनच म्हणाले. "पाणी माझ्या हातनं बिघडलं बाई. साफ करायला गेलो आन् चुकलं."

सत्यजीत तोंड फिरवून निघून गेला. मुलं पेरूच्या बागेत पाइपखाली भिजली. मामा फरशी घासत राहिले. बुळबुळीत थर हाताला लागत होता, तेवढा सगळा काढला. दुपारी नवं पाणी सोडलं.

निघताना बाईंनी मामांचा नंबर मागितला. "पुढच्या महिन्यात दुसरी तुकडी आणायची आहे."

"आदल्या दिवशी फोन करा," मामा म्हणाले. "पाणी बघून सांगंन, या का नका येऊ."

सत्यजीत तिथेच उभा होता. त्याने मामांकडे पाहिलं आणि बाईंना म्हणाला, "व्हय. त्यांनाच विचारा."