देवडीतली नवकंकरी

वडिलांना अर्धांगवायू झाल्यापासून डावा हात आणि डावा पाय साथ देत नव्हते. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस चाकाच्या खुर्चीत बसून उसाकडं बघत राहायचा. मागच्या दिवाळीला मी सांगलीहून रहिमतपूरजवळच्या माहेरी गेले, तेव्हा ते एकदम म्हणाले, “पलीकडचा गड बघायचाय. गुरं राखताना लांबनंच बघितला. वर कवा गेलोच न्हाई.”

गडाच्या निम्म्यापर्यंत आता डांबरी रस्ता आहे. भावानं गाडी काढली. आई, मी आणि भावाची लेकही निघालो. रस्ता संपला तिथून दरवाज्यापर्यंत जुन्या फरसबंदीची चढण होती. भाऊ पुढून ओढत होता, मी मागून ढकलत होते. दगडांच्या फटींत चाकं सारखी रुतत होती.

“आप्पा, उचलूनच घेतो,” भाऊ म्हणाला.

“मी काय पालखीतला देव हाय? चाकं हायत न्हवं, चाकावरच चला.”

दरवाज्याचा उंबरा मात्र उचलूनच ओलांडावा लागला. आत दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या देवड्या होत्या, कमानीखालचे दगडी ओटेच ते. पुढं पायऱ्या पार ढासळलेल्या. भावानं पाठीवर घ्यायची तयारी दाखवली, पण वडिलांनी मान हलवली. “हितं सावली हाय, वाराबी हाय. तुमी जाऊन या.”

भाऊ लेकीला घेऊन वर गेला. आई आणि मी थांबलो. एवढ्या लांब येऊन दारातच थांबायचं, याचं मला वाईट वाटत होतं. वडिलांना काही वाटल्याचं दिसलं नाही. त्यांची खुर्ची देवडीला लागून उभी होती आणि ओटा त्यांच्या कोपरापाशी येत होता. ते उजव्या हातानं त्यावरची माती झाडत होते.

“हे काय हाय बघ गं,” ते आईला म्हणाले.

दगडात रेघा कोरलेल्या होत्या. मी मघाशी तिथंच पिशवी ठेवली होती, पण उभ्यानं काही दिसलं नव्हतं. आईनं पदरानं दगड पुसला. एकात एक असे तीन चौकोन निघाले, मधून जोडलेले.

“आवं, ही तर नवकंकरी,” आई म्हणाली. “आमी रानात मातीवर काढून खेळायचो.”

वडील बराच वेळ त्या रेघांवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, “पहाऱ्यावर वेळ जात न्हाई. आमी पोस्टवर पत्ते कुटायचो, सायबाला चोरून.”

मी खडे गोळा केले. आईनं विटांचे तुकडे घेतले. तीन एका ओळीत आले की समोरच्याचा एक उचलायचा, असं आई सांगत गेली आणि भराभर वडिलांचे खडे उचलत गेली. पहिला डाव ते हरले. दुसरा लावताना त्यांनी मला फर्मावलं, “त्या समोरच्या देवडीतबी असंल. बघून ये.”

तिथं मी गुडघे टेकून माती बाजूला केली. खरंच रेघा होत्या, पण दोनच चौकोन पुरे होते. तिसऱ्याची एक बाजू कोरून काम सोडून दिलेलं.

“अर्धाच आहे,” मी म्हणाले. “का सोडला असेल?”

“बदली झाली असंल,” वडील म्हणाले.

“न्हाईतर पहाऱ्याच्या नाईकानं पकडलं असंल,” आई म्हणाली.

भाऊ खाली आला तेव्हा तिसरा डाव चालू होता. त्यानं मोबाईलवर वरचं पाण्याचं टाकं आणि पडकी सदर दाखवली. वडिलांनी फोटो नीट बघितले. टाकं दरवाज्यापासून किती लांब, पाणी आणायला माणूस जाऊन कवा परत येत असंल, तोवर समोरची देवडी कोण सांभाळायचं, असं एकेक विचारत राहिले. भाऊ मोबाईलवर फोटो मागंपुढं सरकवून शोधू लागला.

“पुन्हा वर जाऊन बघून येऊ का?” भाची म्हणाली.

“जा,” वडील म्हणाले. “आमचा डाव हाय अजून.”