दिनूची सोन्याची बाटली

शिपायाने वर्गाच्या दारात येऊन सांगितलं, "कंपाउंडर गेले." कंपाउंडर म्हणजे माझा मित्र दिनू. मी खडू हातात धरूनच त्याच्या घरी पोहोचलो. याला आता महिना होत आला. पण तो काम करायचा त्या पनवेलच्या दवाखान्यावरून जाताना अजून मान आपोआप औषधाच्या खिडकीकडे वळते... आणि मग स्वतःचाच राग येतो.

मूलद्रव्यं जमवायच्या त्याच्या वेडाला कारण मीच. जग नव्वद-ब्याण्णव मूलद्रव्यांचं बनलंय, असं मी शास्त्राच्या मास्तरकीत त्याला एकदा ऐकवलं. "एवढीच? मग गोळा करू की!" म्हणाला. मी म्हटलं, "अरे, ही काय पोस्टाची तिकिटं आहेत?" पण ऐकेल तो दिनू कसला! इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या उकळून त्याने घरातल्या फळीवर मांडल्या. विकत काही आणायचं नाही, ज्याच्या रोजच्या कामातली वस्तू त्यानेच ती आपणहून द्यायची, आणि लेबलवर त्याचं नाव लिहायचं. एकदा बाटलीत गेलेलं पुन्हा बाहेर काढायचं नाही. कल्हईवाल्याने कथील दिलं, एका कोळ्याने जाळ्याचं शिसं, डॉक्टरांनी फुटक्या थर्मामीटरमधला पारा.

मिठागरावरचे हासुराम एकदा औषधाला आले ते पुडीत मीठ घेऊनच. दिनूने लगेच लेबल लावलं. मी म्हटलं, "मीठ हे मूलद्रव्य नव्हे रे, त्यात दोन मूलद्रव्यं आहेत." हासुराम माझ्यावरच उखडले, "आमचं मीठ नाय चालत? मंग तुमचं शास्तर अळणी हाय, मास्तर!" दिनू पोट धरून हसला. ती बाटली त्याने काढली नाहीच. लेबलवर 'पाहुणा' एवढंच वाढवलं. मी वर्षभर कुरकुरलो.

अडलं ते सोन्यापाशी. सोनं वापरणारं माणूस घरातच होतं, इंदूवहिनी. आणि त्या काही केल्या देईनात. "बाटलीत घालून त्याची काय पूजा करायचीय?" म्हणायच्या. दिनूनेही कधी हट्ट धरला नाही. नुसतं लेबल लावून ठेवलं, 'सोनं. देणार: सौ. इंदू.' ती रिकामी बाटली अकरा वर्षं फळीवर होती. मग एकदा मंगळसूत्र नव्याने ओवताना वहिनींनी मोहरीएवढा मणी काढून त्याच्या तळहातावर ठेवला. दिनू रडला हो! माझ्यासमोर रडला. 'देणार' खोडून त्याने 'दिलं' केलं.

दिनू गेला त्या दिवशी अंगणात त्याला न्यायची सगळी तयारी झाली. गुरुजींनी तोंडात घालायला तुळशीपत्र, गंगाजल आणि सोन्याचा कण मागितला. वहिनींची नणंद आपल्या कानातलं काढू लागली. वहिनी म्हणाल्या, "नको. भाऊजी, फळीवरची ती बाटली आणा."

मी जागचा हललो नाही. बाटलीतलं बाहेर काढायचं नाही, हा त्याचा नियम... आणि तो मोडायचा मी? वहिनी शांतपणे म्हणाल्या, "मी दिलेलं त्यांचंच आहे ना? मग जाऊ दे त्यांच्याबरोबर." मी बाटली आणली, पण बूच माझ्या हाताने निघेना. त्यांनीच काढलं.

परवा गेलो होतो. फळी तशीच आहे, पुसलेली. हासुरामांचं मीठ पाणी सुटून ओलं झालंय. सोन्याची बाटली जागच्या जागी, रिकामी. मी म्हटलं, "वहिनी, त्यात काही घालू या का?" त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि बाटली माझ्या हातात दिली. दिनूच्या वळणदार अक्षराखाली त्यांनी पेन्सिलीने एक ओळ लिहिली होती.

'सोनं. दिलं: सौ. इंदू. नेलं: यांनी.'