खारा हात

लग्न होऊन झुबेदा मुरुडला आली त्या आठवड्यात नवऱ्यानं, सिराजुद्दीननं, तिच्या हातावर पोलादी तारेचा वीतभर तुकडा ठेवला. "मुठीत धरून बस, दिवस कलेपर्यंत, असरच्या नमाजापर्यंत," तो म्हणाला. नव्या नवरीनं कारण विचारायचं नसतं, म्हणून ती बसली. आत जावा तोंडावर ओढणी घेऊन हसत होत्या. दुसऱ्या दिवशी सिराजुद्दीननं तो तुकडा खिडकीच्या उजेडात धरला. तार आणली तशीच लख्ख होती. त्याचा चेहरा असा खुलला, की झुबेदाला वाटलं आपण काहीतरी मोठा पराक्रम केला. तिनं काहीच केलं नव्हतं. तिचा हात जन्माचा कोरडा होता, इतकंच.

ही परीक्षा मूळची सतार शिकवणाऱ्या वहाब उस्तादांची. सिराजुद्दीनच्या घरचा धंदा मचव्यांचा, सुपारी-नारळ मुंबईला न्यायचे आणि कापड-साखर आणायची. असल्या रोखठोक घरात या एकट्याला सतारीचं खूळ कुठून लागलं ते अल्लालाच माहीत. म्हातारे उस्ताद शिकवायच्या आधी प्रत्येकाला मुठीत तार धरायला लावत. सिराजुद्दीनच्या मुठीतली तार सकाळी तांबडी निघाली. म्हाताऱ्यानं ती नखानं खरवडून पाहिली. मग म्हणाला, "हात खारा हाय तुजा. वाजवशील चांगला, पन साज खाऊन टाकशील. साज सांभाळायला दुसरा हात बघ."

असे हात असतात. त्यांच्या घामानं लोखंड गंजतं, पितळ हिरवं पडतं, आणि वर मुरुडची खारी हवा मदतीला असतेच. म्हणून सिराजुद्दीनचं वाजवून झालं, की सतार झुबेदाच्या ताब्यात जायची.

सुरुवातीला तिनं घोळ घातलाच. दांडीवर दोऱ्यांनी बांधलेले सुरांचे पितळी पडदे काळवंडलेले दिसले, तेव्हा तिनं ते घरचे हंडे घासावेत तसे आमसुलानं घासले. कोकणातल्या दुसऱ्या कुठल्या बाईनं वेगळं काय केलं असतं? पडदे झळकायला लागले आणि बाईसाहेब खूष झाल्या. पण तो आंबटपणा पडद्यांच्या दोऱ्यांत मुरला, दोरे कुजले, आणि एकेक पडदा सैल होऊन दांडीवर घसरू लागला. सासूबाईंना मनातून बरंच वाटलं असावं, कारण ते वाद्य त्यांना घरात नकोच होतं. सिराजुद्दीन मात्र चिडला नाही. त्यानं तिला शेजारी बसवून घेतलं आणि सगळे पडदे तिच्याकडूनच नव्यानं बांधून घेतले. तो तार छेडायचा, ती पडदा सरकवायची, आणि सूर जागेवर आला की गाठ मारायची. शेवटची गाठ बसली तेव्हा कुठला सूर कुठे राहतो हे तिला स्वयंपाकघरातल्या डब्यांइतकं पाठ झालं होतं.

पुढे वर्षानुवर्षं हेच चाललं. दुपारी तो माडीवर वाजवायचा. खाली उतरला की ती वर जायची आणि जुन्या मलमलीचं फडकं तारेखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायची. फडक्यावर त्याच्या घामाचा काळा पट्टा उमटायचा. ती ते धुऊन वाळत घालायची. तिला मूल झालं नाही, त्याबद्दल लोक जे बोलायचं ते बोललेच. पण त्या काळ्या पट्ट्यानं तिचा दिवस भरून जायचा. तार मात्र तिनं कधी छेडली नाही. घरातल्या बाईनं वाजवायचं नाही हे कुणाला तिला सांगावं लागलं नव्हतं.

मग एका पावसाळ्यात सिराजुद्दीनला मोठा ताप आला. त्यातून तो उठला आणि पुन्हा माडीवर जाऊ लागला. घरात पुतणीचं लग्न निघालं होतं, त्या गडबडीत वरचा झंकार नीट ऐकायला कुणाला सवड होती? झुबेदानं नेहमीप्रमाणे फडकं ओढलं आणि ते पांढरंच राहिलं. तिनं पुन्हा ओढलं. पुन्हा पांढरं. 

दुसऱ्या दिवशी तो वाजवत असतानाच ती जिना चढली. त्याचा डावा हात दांडीवर नुसता पडला होता. उजवा मोकळ्या तारा छेडत होता.

"बोटांत जीव न्हाय," तो म्हणाला. "हकीम म्हणतो, परत यायचा न्हाय."

"मला का न्हाय सांगितलंत?"

"फडकं तूच धुतेस. वाटलं, कळंल तुला."

थोड्या वेळानं त्यानं खाली बघत सांगितलं, की तळे गावचा, सतार वाजवणारा एक माणूस लग्नाला येणार आहे, सतार त्याच्याबरोबर द्यायची. उगाच भिंतीवर टांगून मरायला नको.  पण सतार गेली तर नवराही तिच्या मागोमाग जाईल, याबद्दल झुबेदाला तिळमात्र शंका नव्हती, आणि ती भयंकर घाबरली होती.

लग्नाच्या आदल्या दुपारी ती माडीवर गेली, त्याच्या डाव्या बाजूला बसली आणि तारेवर बोट ठेवलं.

"सांगा, कंचा पडदा?"

त्यानं तार छेडायची नखी उजव्या बोटात चढवली. "तुला काय सांगायचं? तूच बांधलेस सगळे."

त्यानं नखी मारली. तिचं बोट उशिरा पोचलं, सूर खरखरला, तार कातडीत रुतली. त्यानं पुन्हा मारली. खाली सासूबाईंच्या हातातली तसबीहची माळ थांबली. वर चाललंय काय ते ऐकणाऱ्याला कळत होतं. हा हात त्यांच्या मुलाचा नव्हता. बऱ्याच वेळानं मणी पुन्हा सरकू लागले. त्यांनी त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही.

तळ्याचा माणूस रिकाम्या हातानं परत गेला. हिवाळाभर दोघं मिळून वाजवत राहिली, एकाची नखी आणि दुसरीचं बोट. झुबेदाच्या बोटावर घट्टा पडला. फडकं मात्र पांढरंच निघायचं. सिराजुद्दीन तिला चिडवायचा, "तुजा हात बेइमान हाय. साजावर खूण ठेवत न्हाय."

उन्हाळ्याच्या तोंडावर एका दुपारी वाजवायला घेतलेली गत अर्ध्यात आली असताना नखी थांबली. झुबेदाचं बोट पुढच्या पडद्यावर जाऊन थांबलं होतं. त्याचं डोकं तिच्या खांद्यावर आलं. तिला कळलं, तरी तिनं बोट उचललं नाही. खालची माणसं वर आली तेव्हा तिचा हात दांडीवरून सोडवावा लागला.

त्याच्यासाठीचा तिसऱ्या दिवशीचा फातिहा आटोपल्यावर ती फडकं घेऊन माडीवर गेली आणि सतारीचा गिलाफ काढला. तार टोकापर्यंत लख्ख होती. फक्त तिचं बोट थांबलं होतं त्या एका पडद्याशी तांदळाएवढा तांबडा डाग पडला होता.

तिनं तो बराच वेळ पाहिला. मग फडकं घडी करून ठेवलं, आणि ती तार पुसली नाही.