मोजणीबाहेरचा मोहल्ला

मालकीणबाईनं परसातलं गाडगं उचललं आणि माझ्या हातातल्या बाटलीत वरूनच लघवी ओतली. जरासुद्धा वाकली नाही. आम्हाला पाणी पाजताना वरून धार धरतात, तशीच ही धार. अर्धी बाटलीत गेली, अर्धी माझ्या हातावर.

"नीट धर वो. आन घागरीपासून सरक. सावली पडून राह्यली तुही."

मी सरकले. मनगटावरून तिचं मूत निथळत होतं. हात धुवायला पाणी मागितलं.

"नाल्यावर जा."

वैशाख होता. नाला कोरडा होता. मी लुगड्याला हात पुसला आणि पुढच्या घरी गेले.

तिचं मूत माझ्या हातात चालत होतं. माझी सावली तिच्या पाण्यावर चालत नव्हती.

हे काम मला असंच मिळालं. नागपूरकडून डॉक्टरांची तुकडी आली होती. चांदा जिल्ह्यातल्या जंगलपट्टीत गावोगाव फिरून कोणाला साखरेचा रोग आहे, कोणाला वर्षानुवर्षं न हटणारं दुसरं काही आहे, ते बघायचं होतं. घरच्या बायका पुरुषाच्या हाती लघवी देईनात. दुसऱ्या जातीची बाई बाटलीला हात लावीना. मग मालगुजारानं, गावच्या जुन्या मालकानं, मला पुढं केलं. मालगुजारी कायद्यानं गेली होती, पण गावात शब्द त्याचाच चालायचा.

"महाराची पोरगी हाय. चौथी शिकली. तिले काई वाटत नाई."

मला काय वाटतं ते कोणी विचारलं नव्हतं.

पहिल्या दिवशी मालगुजाराच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, बसून डॉक्टर म्हणाला, "आधी मोजणी. माणूस न माणूस तपासायचा. कुठं किती रोग आहे ते कळलं, की तिथं तेवढं औषध पाठवता येतं."

मी पायरीखाली उभी राहून ऐकत होते. मला ते पटलं. खरंच पटलं. माणूस न माणूस म्हणजे आम्हीही, असं मी धरून चालले.

कारण घरी माझी माय तहानेनं मरत होती.

हे मी बोलायची रीत म्हणून सांगत नाही. तिला तहानच लागायची. पाणी प्यायची, उठून बाहेर जायची, परत यायची, परत पाणी मागायची. ती जिथं लघवीला बसायची तिथं मुंग्या जमायच्या. अंगावरचं मांस उतरलं होतं. जंगलात बांबूचा खुंट पायात घुसला होता, ती जखम भरत नव्हती. कडेनं काळी पडत चालली होती. बाप आधीच गेला होता. घरात आम्ही दोघीच.

"पाणी दे वो बाई," माय म्हणायची.

पाणी कुठून आणू? गावच्या विहिरीला आम्ही शिवायचं नाही. नाल्याच्या रेतीत हातानं खड्डा उकरायचा, त्याला आम्ही झिरा म्हणायचो. पाणी झिरपायची वाट बघत बसायचं. वाटी भरली की आणायची. माय ती एका घोटात संपवायची आणि रिकाम्या वाटीकडं बघत राहायची. मी विहिरीवर जाऊन लांब उभी राहायची, पदर पसरायची. कोणी ओतायचं, कोणी हाकलायचं.

"आताच तं नेलं. तुह्या घरी म्हशी बांधल्या का?"

ह्या तहानेला घेऊन मी त्या तुकडीची पेटी उचलत होते.

कंपौंडर निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकायचा, नळी ज्योतीवर धरायचा. निळं राहिलं तर माणूस चांगला. विटेसारखं लाल झालं तर साखर. मी लांबून बघायची आणि मनात म्हणायची, मायची बारी येऊ दे.

घरं तपासत तपासत आम्ही महारमोहल्ल्याच्या तोंडाशी आलो. कंपौंडर मागं वळला.

"कंपौंडरभाऊ, आमचा मोहल्ला राह्यला."

त्यानं डॉक्टरकडं बघितलं. डॉक्टर सपरीकडं चालू लागला. मी घरी पळाले. मायची लघवी एका शिशीत घेतली, पदराखाली झाकली आणि सपरीच्या पायरीवर नेऊन ठेवली.

"साहेब, एवढी पाहा. माह्या मायची हाय."

"अगं, हा खाऊनपिऊन सुखी माणसांचा रोग," डॉक्टर हसत म्हणाला. "तुमच्याकडं साखर येणार कुठून?"

"पेज पिऊन साखर झाली तं आमीबी पेजच पिऊ," मालगुजार म्हणाला.

सपरीतले सगळे हसले. डॉक्टरनं काठीच्या टोकानं शिशी सरकवली. ती पायरीवरून घरंगळली आणि फुटली.

"आन आमच्या मोहल्ल्याचं काय लिवता?"

"काय लिहायचं? रोग नाही."

बघितलं नाही. तरी रोग नाही.

मायच्या पायाचा वास घरात मावत नव्हता, आणि कागदावर आमचा मोहल्ला ठणठणीत होता. त्या कागदाच्या भरवशावर औषध पाठवणार होते.

मी काचा वेचल्या. घरी आले. माय पाणी मागत होती.

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. गावच्या वरच्या अंगाची घरं बाकी होती. शिपाई आला.

"चाल ना वो. बाया वाट पाहून राह्यल्या."

"मी येनार नाई."

मग डॉक्टर आला. मागं मालगुजार. दोघं मोहल्ल्याच्या बाहेरच उभे राहिले.

"काय पाहिजे तुला?" डॉक्टर म्हणाला.

"मायची लघवी तपासा. मंग साऱ्या मोहल्ल्याची. मंग मी बाटली धरीन."

"गावात राहाचं नाई का तुले?" मालगुजार ओरडला.

 मी म्हणाले, "पानी तं आताबी देत नाई तुमी. आनखी काय बंद करसान?"

बायकांची मोजणी माझ्यावाचून अडली होती. डॉक्टरनं कंपौंडरला खूण केली. कंपौंडर आमच्या अंगणात बसला, ज्योत पेटवली. निळं औषध बघता बघता विटेसारखं लाल झालं. दाट लाल.

डॉक्टर लांबूनच बघत होता. तिथूनच म्हणाला, "रोज सुई लागेल. नागपूरला ठेवावं लागेल. तुमच्यानं होणार नाही."

"आन बाकीचा मोहल्ला?"

"पेटी भरा," तो कंपौंडरला म्हणाला.

तुकडी त्याच दुपारी निघून गेली. वरची घरंही राहिली. गाव माझ्यावर उलटलं. विहिरीवर वरून ओतणारे हातही बंद झाले.

नागपूरला न्यायला मी गाडी मागितली. कोणी बैल दिले नाहीत. मायच्या श्वासाला नासलेल्या फळासारखा वास येऊ लागला. ती ओळखेनाशी झाली. फक्त पाणी म्हणायची, नंतर नुसते ओठ हलायचे. मी झिऱ्यावर गेले. रेती पाणी सोडत नव्हती. तळाला घोटभर जमलेलं गाडगं घेऊन परत आले तेव्हा मायचं तोंड उघडं होतं. तरी मी पाणी ओतलं. ते गालावरून खाली गेलं.

मी रडले नाही. रडायला बसले असते तर उठले नसते.

काही दिवसांनी कंपौंडर सायकलवर आला. तुकडी पलीकडच्या गावात होती. तिथल्याही बायका पुरुषाच्या हाती लघवी देईनात.

"साहेबानं बलावलं तुले. तुह्या मायचं आयकून त्याहिले वाईट वाटलं."

"मायले मोजलं का?"

 "नाई. मोहल्ल्यात रोग नाई लिवलं, एकीनं आकडा बिघडते म्हनते साहेब."

एक मेलेली बाई त्यांचा आकडा बिघडवत होती.

"मंग सांगजा साहेबाले," मी म्हणाले. "मी येतो. पन पयले महारमोहल्ला, मंग गोंडाच्या वस्तीचा टोला. तिथल्या मालगुजाराचं घर सर्व्यात शेवटी. कबूल नसंन तं त्या गावची एकबी बाटली भरू देनार नाई."

"साहेब आयकनार नाई, बाई."

"नोको आयको."

तो गेल्यावर मी दाराला कडी लावली आणि आडवाटेनं, जंगलातून, त्या गावाकडं निघाले. तुकडीच्या आधी मला तिथल्या मोहल्ल्यात पोचायचं होतं. तिथल्या बायांना दारोदार विचारायचं होतं: कोणाची तहान भागत नाही, कोणाची जखम भरत नाही. त्यांनी एका आवाजात सांगावं, आम्हाला मोजा. मोजायचं तर सगळ्यांना मोजा. नाही तर पेटी उचला आणि चालते व्हा.