कॅप्टन टुलकची निवृत्ती

गिल्बर्ट टुलक पेशाने खोगीर शिवणारा, पण न्यूझीलंडच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात सगळे त्याला कॅप्टनच म्हणत. माओरींशी लढाया पेटल्या तेव्हा सुतार, गवळी, खाटीक गोळा करून त्याने स्वयंसेवकांची पलटण उभी केली होती. आता गुडघे गेले होते, कान दगा देत होते, आणि पलटण दुसऱ्याच्या हाती जायची होती.

हिशेब मिटवायला राजधानीहून मेजर फॅनशॉ आला. टुलकला वर्षभर अर्धा पगार हवा होता, आणि हुद्द्यासकट गणवेश घालायची मुभा.

सकाळी त्याची बायको एल्स्पेथ त्याची बटणं लावताना म्हणाली, "आधी रेनीचं बोल."

"बोलतो गं."

"बोलतो म्हणतोस, आणि साहेब दिसला की तोंडात गुळणी धरतोस."

जॉक रेनी त्याचा जुना तोफवाला. राणीच्या वाढदिवसाच्या सलामीला तोफ अवेळी उडाली आणि त्याचा हात कोपरापासून गेला. आता त्याची बायको लोकांचे कपडे धुऊन घर चालवत होती.

मेजर खानावळीत मटण खात बसला होता.

"पगाराचं विसरा, कॅप्टन. आपल्या खुशीने आलात, खुशीला कसला पगार?"

"कवायतीचा देत होतात की."

"कवायत संपली. हुद्दा आणि गणवेश मात्र ठेवा. शोभून दिसतो तुम्हाला."

टुलकने घसा खाकरला. "तेही नको. पगार नको, गणवेश नको. त्याच्या बदली रेनीला निवृत्तिवेतन द्या."

मेजरने सुरी खाली ठेवली. "दोन्ही सोडताय? नक्की?"

"नक्की."

मेजरने हक्क सोडल्याचा कागद पुढे सरकवला. टुलकने सही केली.

"आणि रेनी?"

"तो लढाईत जखमी झालेला नाही. त्याचं माझ्या हातात काही नाही."

"मग आधी का नाही बोललात?"

"तुम्ही बोलत होतात. मध्येच तोडणं बरं दिसत नाही."

टुलक उठला तेव्हा गुडघा अडकला. मेजरने आधाराला हात पुढे केला, तो त्याने घेतला नाही.

तिथून तो थेट रेनीकडे गेला. रेनी दारातच लाकूड फोडत होता, एका हाताने, ओंडका पायाखाली दाबून. झालं ते ऐकून त्याने कुऱ्हाड खाली ठेवली.

"तुझं तरी राखायचंस ना, गिल," तो म्हणाला. "आता दोघंही गेलो."

आत त्याची बायको ऐकत होती. ती बाहेर आली नाही.

त्या हिवाळ्यात रेनी बायकापोरं घेऊन मेव्हण्याकडे ऑकलंडला गेला. टुलक धक्क्यावर निरोपाला गेला नाही. दुकानात लोक अजून कॅप्टन म्हणत. तो चामड्यावरून नजर न उचलता म्हणायचा, "टुलक म्हणा."