आप्पांनी बसवलेली ज्योत

शेगडी दुरुस्तीच्या दुकानात किस्से जमवावे लागत नाहीत. माणूस शेगडी घेऊन येतो, "किती वेळ लागेल?" म्हणून विचारतो, "पंधरा मिनिटं" असं ऐकतो आणि स्टुलावर बसतो. पंधरा मिनिटं गप्प बसणारा माणूस आमच्या विसरवाडीत अजून जन्माला यायचाय. जाताना तो शेगडी घेऊन जातो, घरातली गोष्ट मात्र आमच्याकडे राहते. सात वर्षांत माझ्याकडे अशा इतक्या साठल्यात की बर्नर पेटवून बघत बसलो की एकेक आपोआप वर येते, आणि हातातलं काम तसंच राहतं.

दुकान आप्पांचं, हायवेच्या फाट्यावर. मी दिलीप. सुरतेला मिलमध्ये बारा वर्षं काढून पस्तिशीत गावाकडे आलो आणि आप्पांच्या हाताखाली लागलो. बर्नरच्या नळीला मागे एक भोक असतं, त्यातून हवा आत जाते आणि गॅसमध्ये मिसळते. भोकावर एक छोटी पट्टी असते. ती सरकवली की हवा कमीजास्त होते. हवा कमी पडली की ज्योत पिवळी होते आणि भांडी काळी करते. हवा जास्त झाली की ज्योत बर्नर सोडून उडते, फुरफुरते. या दोन्हींच्या मधे एक जागा असते. तिथे पट्टी थांबली की ज्योत जवसाच्या फुलासारखी निळी होते आणि हलायची थांबते. याला आम्ही 'ज्योत बसवणं' म्हणतो.

पहिल्या दिवशी आप्पा मला म्हणाले, "पह्यले हवा बंद कर. पिवळी ज्योत डोळा भरीसन देख. मंग पट्टी धीरे धीरे उघाड. घाई करशी तर ती घाबरी जाई." मी बघत बसलो. किती वेळ ते माहीत नाही. मागून दोन एसट्या गेल्या म्हणे.

अशा आप्पांच्या डोळ्यांत पुढे मोतीबिंदू झाला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा. आप्पा म्हणाले, आहे तेवढंही गेलं तर काय करू? तीन वर्षं त्यांनी ते पुढे ढकललं. त्यांना निळा रंग दिसेनासा झाला होता हे त्यांनाही कळलं नाही, मला मात्र कळलं. ते ज्योत बसवायचे, ती पिवळी असायची, आणि ते खुशीत म्हणायचे, "बठनी!", म्हणजे बसली. मग ते हात धुवायला मागे गेले की मी पट्टी हळूच सरकवून स्क्रू आवळायचो. आपली ज्योत आता बसत नाही हे कळलं असतं तर त्या दिवशीच त्यांनी दुकानाला कुलूप लावलं असतं. चाळीस वर्षांचं काम. माझ्यानं ते बघवलं नसतं.

तर हे सगळं तेव्हाचं.

*

खांडबाऱ्याचे एक सर शेगडी घेऊन आले. गॅस दोन महिन्यांचा सव्वा महिन्यात संपतोय आणि भांडी कोळशासारखी होतायत. घरात भांडी घासायची पावडर तीनदा बदलून झाली होती.

आप्पांनी शेगडी उलटी केली आणि नळीवरून बोट फिरवलं. हवेचं भोकच सापडेना. सरांनी ते लांबी भरून पक्कं बुजवलं होतं, वरून रंगही दिला होता.

"हे काय केलं सर?"

"तिथून गॅस गळत होता ना. उघडं भोक होतं."

"सर, तिनं नाक शे ते. तठून ती श्वास लेस."

सरांनी पैसे दिले आणि शेगडी उचलून निघून गेले. पण माणूस मोठा. पुढच्या आठवड्यात सातवीचा सगळा वर्ग घेऊन दुकानात आले, ज्वलन शिकवायला. आप्पांनी पोरांना पट्टी दाखवली आणि नाव न घेता लांबीची गोष्ट सांगितली. पोरं हसून लोळायची बाकी राहिली. एकानं विचारलं, "सर, असं कोण करतं?"

सर शांतपणे म्हणाले, "आहेत एक. गणिताचे."

सर स्वतः विज्ञानाचे.

*

एक बँकेतले साहेब होते. बदलीवर आलेले, नीटनेटके. आदल्या दिवशी पेटवायला गेले तर शेगडीनं फट् आवाज केला आणि ज्योत आत नळीतच पेटली. साहेब म्हणाले, "पीस खराब निघालाय."

आप्पांनी नळीत तार घातली आणि बाहेर काढली. तारेला कोळ्याचं जाळं, चांगलं गुबगुबीत. आप्पांनी ते दोन बोटांत चुरगाळलं आणि विचारलं, "घर किती महिने बंद व्हतं?"

"घर बंद नव्हतं. मी होतो की."

"म्हणजे चूल बंद होती."

साहेब खाली बघायला लागले. त्यांच्या घरच्या बाई तीन महिन्यांपासून माहेरी होत्या. साहेब फाट्यावरच्या ढाब्यावर जेवत होते. हे त्यांनी ऑफिसातही कुणाला सांगितलं नव्हतं, आणि इथे कोळ्यानं सांगून टाकलं.

आप्पांनी शेगडी पुसून त्यांच्या हातात दिली. "जाळं मी काढी दिनं साहेब. आते फोन तुम्ही करा."

साहेबांनी आमच्या दुकानातूनच फोन लावला. मी आणि आप्पा बाहेर जाऊन ट्रक मोजत उभे राहिलो.

*

बाजाराच्या दिवशी डोंगरातल्या गावाहून एक म्हातारी आणि तिची सून आली. डोक्यावर नवी कोरी शेगडी. म्हातारी त्यांच्या बोलीत बोलायची आणि सून आम्हाला मराठीत सांगायची. तक्रार अशी, की शेगडीचा विस्तव मेलेला आहे.

मी पेटवून दाखवली. ज्योत एकदम बसलेली, निळी. कारखान्यातून निघालेली तशीच.

म्हातारीनं हात नाचवला. सून म्हणाली, "ती बोलते, ह्याला काय बघायचं? ह्याच्यासमोर बसलं तर गोष्टच आठवत नाही."

मी समजावायला लागलो. पिवळ्यानं काजळी धरते, गॅस जास्त जातो, कोंडलेल्या घरात जीवाला धोका. आप्पांनी मला थांबवलं. सुनेला विचारलं, "घराच्या भिंती कशाच्या?"

"कुडाच्या. वारा जातो येतो."

आप्पांनी लहान बर्नरची पट्टी अर्धी लोटली. ज्योत पिवळी झाली, उंच झाली, डोलायला लागली. म्हातारी दुकानातच खाली बसली आणि तिच्याकडे बघत राहिली. तिच्या तोंडावर उजेड पडला होता. आम्ही तिघंही बसलो. फाट्यावर गाड्या हॉर्न मारत होत्या आणि आम्हाला त्याचं काही नव्हतं.

उठताना म्हातारी काहीतरी बोलली आणि सुनेला हसू आलं. "ती बोलते, मोठा सैपाकाला. बारका बसायला."

*

आता आप्पांचे डोळे बरेच गेले होते, पण कान तल्लख. गिऱ्हाइकं फोनवर ज्योतीचे फोटो पाठवायची. ते मी बघायचो. एकदा म्हसावदच्या एका वहिनींनी थेट व्हिडिओ कॉल लावला, तोही आप्पांच्या फोनवर. शेगडी पेटवून फोन तिच्यापुढे धरला आणि विचारलं, "आप्पा, बघा ना, अशी काय करतेय?"

आप्पांनी फोन कानाला लावला. डोळे मिटले. "हवा जास्त शे," म्हणाले. "फुरफुरी ऱ्हायनी. पट्टी दोराभर लोटा."

तिकडे वहिनींनी पट्टी लोटली. आवाज थांबला.

"आते बठनी," आप्पा म्हणाले.

वहिनी म्हणाल्या, "हो आप्पा, झाली. पण एक सांगू? मघापासून मला नुसता तुमचा कान दिसतोय. केस वाढलेत त्यातले."

*

त्याच म्हसावदला लग्नाच्या स्वयंपाकाला पाच भट्ट्या एका ओळीत लावल्या होत्या आणि पाचही काळा धूर काढत होत्या. आचाऱ्यानं आम्हाला गाडी पाठवून बोलावलं. आप्पा पहिल्या भट्टीपासून सुरुवात करत पुढे सरकायचे, पट्टी फिरवायचे, "बठनी" म्हणायचे. मी एक भट्टी सोडून मागे. त्यांनी पुढच्या भट्टीला हात घातला की मी मागची खरी बसवायचो. आचारी झारा हातात धरून हे सगळं बघत होता. आता हा बोलतो की काय.

पाचवी झाली. आप्पांनी विचारलं, "कशी वाटस?"

आचारी माझ्याकडे बघत म्हणाला, "आप्पा, तुमना हात पडना की ज्योतले जरासा येळ लागस. पन मंग सुधरस."

आप्पांना ते फार आवडलं. येताना गाडीत ते दोनदा म्हणाले, "येळ तर लागसच."

*

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी आप्पांनी पेटलेल्या बर्नरवर हात ठेवला. उजेडात ती ज्योत त्यांना दिसलीच नव्हती. जीभ चावून त्यांनी ओरडणं गिळलं. मग तळहाताला पाणी लावत म्हणाले, "दिलीप, चाल. डोळा करी टाकूत."

ऑपरेशन झालं. डोळ्यावरची पट्टी निघाली. डोळ्यात थेंब घालायचे दिवस संपले तेव्हा एका सकाळी ते दुकानात आले, काळा चष्मा काढला आणि म्हणाले, "पेटाड."

मी पेटवली. ते स्टूल ओढून समोर बसले. माझ्या आयुष्यात मी कुणाला इतका वेळ एका बर्नरकडे बघताना पाहिलं नाही. आणि मी स्वतः त्यातला आहे.

"इतली निळी ऱ्हास का रे ही?" ते म्हणाले.

"हो आप्पा."

मग त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी हिशोब केला होता. तीन वर्षं निळी न दिसता बसवलेल्या ज्योती.

"गाडी काढ," ते म्हणाले.

आम्ही घरोघर फिरलो. खांडबाऱ्याच्या सरांकडे, बँकेच्या साहेबांकडे, तिथे बाईंनीच दार उघडलं, मग ढाब्यांवर. प्रत्येक ठिकाणी आप्पा म्हणायचे, "जराशी पेटाडा." ज्योत निळी यायची. सगळीकडे निळी. मला वाटलं, वाचलो.

सातव्या घरी आप्पा ओट्यापाशी वाकले. स्क्रूपाशी पट्टीवर बोट ठेवून ढकलून बघितलं, ती हलेना. "मी इतला आवळत नही," एवढंच म्हणाले.

रस्त्यात ते माझ्या मागे बसलेले होते, त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता आणि तो त्यांनी काढला नाही. मला लाज वाटत होती आणि रडूही येत होतं. दोन्ही बाजूंना ऊस होता. मी गाडी हळू चालवत होतो, कारण पोचल्यावर ते काय म्हणतील ते मला ऐकायचं नव्हतं.

"घर चाल," ते म्हणाले. "मन्हा घर. तठे तुन्हा हात अजून नही पडेल."

खरं होतं. आप्पांच्या ओसरीच्या आत मी कधी गेलो नव्हतो. त्यांच्या घरची शेगडी दर दिवाळीला ते स्वतः बसवायचे. जिजी, म्हणजे त्यांच्या घरच्या, भाजी निवडत होत्या. आप्पा सरळ स्वयंपाकघरात गेले. मला आत बोलावलं. मांडणीवर पातेली ओळीनं लावलेली होती, लख्ख. आप्पांनी ती बघितली आणि त्या दिवसात पहिल्यांदा मला त्यांची मान ताठ दिसली.

"हाई मन्हा हातनी शे," ते म्हणाले आणि शेगडी पेटवली.

ज्योत पिवळी आली. उंच, टोकाला धूर सोडणारी. ओट्यावर नुकतं उतरवलेलं भाताचं पातेलं होतं. आप्पांनी ते उचलून वाकडं केलं. बूड काळं कुळकुळीत होतं. त्यांचं बोट काळं झालं.

जिजी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. आप्पांनी त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांच्या हातांकडे बघितलं. नखांच्या कडांना काळं बसलेलं होतं, घासूनही न निघणारं.

"सांगं काबर नही?" आप्पांनी विचारलं.

जिजींनी पदराला हात पुसले. "भांडा घासाले कितला येळ लागस?" त्या म्हणाल्या. "पेटाडीसन तुम्ही इतला खुश व्हयेत."

गॅस चालूच होता. आप्पांनी माझ्याकडे न बघता हात पुढे केला. मी त्यात स्क्रू ड्रायव्हर ठेवला.

"दिलीप," ते म्हणाले, "तू जरासा बाहेर बठ."